घर जाळून सामान ‘वाचवणाऱ्यांची’ गोष्ट

‘आफ्रिकेकडून धडा घ्या, नाहीतर पस्तावाल’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. आमच्या आत्यानं तो ‘डोळे उघडणारा लेख’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा मी गप्प बसलो. पण आता तिचा नातू त्यावरून शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पाठ करतोय म्हटल्यावर बोलणं भाग आहे. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आफ्रिकेला ना लिपी ना इतिहास, बेनिनच्या पितळी मूर्ती इंग्रजांनी ‘वाचवल्या’ म्हणून आज दिसतात, त्या परत दिल्या तर तिथले लोक विकून खातील, आणि उरलीसुरली ओळख मोबाइल आणि जीन्सनं गिळलीच आहे.

लिपीचं आधी उरकून टाकू. इथिओपियात गीझ लिपी दीड हजार वर्षांहून जुनी आहे. लायबेरियात वाई लोकांनी १८३०च्या दशकात स्वतःची लिपी घडवली. मालीतल्या टिंबक्टूवर २०१२ साली अतिरेक्यांनी कब्जा केला, तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी आणि जुन्या घराण्यांनी लाखो हस्तलिखितं पत्र्याच्या पेट्यांत भरून गाड्यांतून, होड्यांतून चोरून राजधानी बामाकोला पोचवली. लिहिता येत नव्हतं तर त्या पेट्यांत काय कोरे कागद होते?

आता त्या ‘वाचवल्या’कडे येतो, कारण खरा संताप त्याचाच आहे.

हे बेनिन म्हणजे आजचा बेनिन देश नव्हे. हे एडो लोकांचं राज्य, त्याची राजधानी बेनिन सिटी आज नायजेरियात आहे. तिथल्या राजाला ओबा म्हणतात. गादीवर बसलेला नवा ओबा आधीच्या ओबाचं पितळी मस्तक ओतून घेई आणि ते पूर्वजांच्या वेदीवर ठेवलं जाई. राजवाड्याच्या खांबांवर एकेकाळी पितळी पट्ट जडवलेले होते: त्यांवर ओबा, सरदार, शिकारी, दाढीवाले पोर्तुगीज. म्हणजे एकाच ठिकाणी देवघर आणि दप्तरखाना. हे ओतकाम करणाऱ्यांची पेठ बेनिन सिटीत इगुन रस्त्यावर आजही चालू आहे. आधी मेणाचा नमुना, त्यावर मातीचे थर, मग भट्टी. मेण वितळून वाहून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं.

फेब्रुवारी १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेनं हे शहर घेतलं, राजवाडा लुटला, शहराला आग लागून मोठा भाग खाक झाला. ओबा ओवोनराम्वेनला कलाबारला हद्दपार केलं. तो तिथंच १९१४ साली वारला. लुटीतला काही माल खुद्द सरकारनं मोहिमेचा खर्च भरून काढायला विकला, बाकीचा अधिकाऱ्यांच्या सामानातून गेला. त्याच वर्षीच्या शरदात तीनशेवर पट्ट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेसुद्धा होते.

मेसेजवाले म्हणतात, ही ‘शिक्षा’ होती, कारण आधी ओबाच्या माणसांनी इंग्रजांच्या तुकडीला मारलं. मारलं, हे खरं आहे. जानेवारी १८९७ मध्ये जेम्स फिलिप्स या हंगामी कॉन्सल-जनरलची तुकडी कापली गेली, आणि तिच्यातले आफ्रिकी हमाल इंग्रजांपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं मेले, त्यांचं नाव कुणी घेत नाही. पण याच फिलिप्सचं एक पत्र आहे, नोव्हेंबर १८९६ चं, म्हणजे तो मरण्याच्या दीड-दोन महिने आधीचं. त्यात तो लंडनला ओबाला गादीवरून हटवायची परवानगी मागतो, आणि पुढे लिहितो की या कामाचा खर्च निघेल इतकं हस्तिदंत राजाच्या घरात सापडेल अशी आशा आहे. शिक्षेचं कारण घडायच्या आधीच वसुलीचा हिशेब मांडलेला! याला ‘वाचवणं’ म्हणायचं असेल तर दरोडेखोरांनाही पुरातत्त्व खात्यात नेमा.

एक अर्धसत्य मात्र मेसेजमध्ये आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. बेनिनचे ओबा संत नव्हते, त्यांनी माणसं विकली. या मूर्तींचं पितळ बऱ्याच अंशी पोर्तुगीजांनी आणलेल्या कड्यांचं, जी गुलामांच्या व्यापारातही चालत. ते पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडचं असल्याचं २०२३ च्या एका अभ्यासात दिसलंय. पण धातू कुठला यावरून मूर्ती कुणाची हे ठरत नाही.

‘लंडनमध्ये त्या सुरक्षित आहेत’ हा तर विनोदच. ब्रिटिश म्युझियमनं १९५० ते १९७२ दरम्यान बेनिनचे तीसहून अधिक नग ‘जादा’ म्हणून विकले किंवा बदलीत दिले, काही तर नायजेरियालाच. आणि परत मागितले की हेच म्युझियम संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला सहसा मनाई करणारा १९६३ चा कायदा पुढे करतं. २०२३ मध्ये त्याच्याच कोठारातून सुमारे २००० वस्तू चोरीला गेल्याचं, गहाळ झाल्याचं किंवा खराब झाल्याचं उघड झालं, संचालकांना जावं लागलं.

याच म्युझियममधला बेनिनच्या राणीमाता इदियाचा हस्तिदंती मुखवटा बघा. वीतभर उंचीचा, सोळाव्या शतकातला, कपाळावर लोखंडी पट्ट्या, डोक्यावरच्या मुकुटात दाढीवाल्या पोर्तुगीजांची चिमुकली डोकी. १९७७ मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव भरला, त्याचं बोधचिन्ह हाच मुखवटा. नायजेरियानं तो तेवढ्यापुरता मागितला, लंडननं दिला नाही. शेवटी बेनिन सिटीतच नक्कल कोरून घेतली.

उसनं देण्याची ही तऱ्हा आपल्याला नवी नाही. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं साताऱ्याला वाघनखं पाठवली ती तीन वर्षांच्या बोलीवर. (ती महाराजांचीच का, हा वाद वेगळा.) त्याच वर्षी त्याच म्युझियमनं घानात कुमासीला असांटे राजांचं सोनं पाठवलं, तेही तीन वर्षांच्याच बोलीवर. त्यातलं बरंचसं इंग्रजांनी १८७४ च्या स्वारीत लुटलेलं.

‘विकून खातील’? जर्मनीनं २०२२ मध्ये हजारावर वस्तूंची मालकी नायजेरियाला दिली. ॲबर्डीन विद्यापीठानं दिलेलं ओबाचं मस्तक आणि केंब्रिजच्या एका कॉलेजातला पितळी कोंबडा त्याच वर्षी ओबाच्या राजवाड्यात पोचला. नेदरलँड्सनं २०२५ मध्ये ११९ नग परत केले. ओबाकडे ठेवायचे की सरकारी म्युझियममध्ये, यावर भांडण आहे, मोठं आहे. पण ते त्यांच्या घरातलं भांडण आहे.

राहिली ओळख. हो, ‘आफ्रिकी’ म्हणून मिरवलं जाणारं ते रंगीबेरंगी कापड मुळात जावाच्या बाटिकची डच कारखान्यांनी केलेली नक्कल. मग? एडो नवरी आजही लग्नात पोवळ्यांचा मुकुट घालते, आणि लग्नाचे फोटो मोबाइलवरच काढते. मोबाइलचंच म्हणाल तर गिनीतल्या इब्राहिमा आणि अब्दुलाये बारी या भावांनी १९८९ मध्ये, शाळकरी वयात, डोळे मिटून आकार काढत फुलानी भाषेसाठी अडलम नावाची लिपी बनवली. आधी वह्या हातानं उतरवून बाजारात वाटल्या. २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, पुढे फोनवर आणि विंडोजवर. आता पश्चिम आफ्रिकेतले फुलानी त्या लिपीत एकमेकांना मेसेज करतात.