ओळखपत्र मागतातच, फक्त जिंकल्यावर

ऑनलाइन जुगाराबद्दल एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण गोषवारा असा: ‘ओळखपत्र मागणाऱ्या साइटवर खेळू नका. केवायसी हा तुमचे पैसे अडकवायचा डाव आहे. क्रिप्टो घेणाऱ्या, कागदपत्रं न मागणाऱ्या कॅसिनोत खेळा, तिथे तुमचं नाव कुणालाच कळत नाही. वयाची तपासणी तर पोरंसोरंही चुकवतात. आणि दिलेलं ओळखपत्र आज ना उद्या फुटतंच.’

यातलं एक वाक्य बरंचसं खरं आहे, शेवटचं. बाकीची सगळी त्याच्या जिवावर खपतात, म्हणून ते शेवटी घेतो.

आधी पैसे अडकवण्याचं. हा अनुभव खोटा नाही. पैसे भरताना कुणी काही विचारत नाही आणि काढायला गेलं की एकेक कागद आठवतो: ओळखपत्र, मग पत्त्याचा पुरावा, मग हातात कार्ड धरून काढलेला फोटो, मग ‘कार्डाचे चारही कोपरे दिसत नाहीत, पुन्हा पाठवा’. ब्रिटनमध्ये वय तपासायला पूर्वी कंपनीला 72 तासांची मुभा होती. 7 मे 2019 पासून तिथल्या जुगार आयोगाने ती काढून घेतली. नाव, पत्ता, जन्मतारीख पडताळल्याशिवाय खेळायलाच द्यायचं नाही. शिवाय जी माहिती आधीच मागता आली असती, ती पैसे काढायच्या वेळी अट म्हणून पुढे करायची नाही. म्हणजे अडवणुकीवरचा इलाज तपासणी आधी करणं हा निघाला. तपासणीच नको, असा नाही.

आता ज्या साइटची शिफारस होते, तिथल्या अटी उघडा. ‘खाते’ किंवा ‘पैसे काढणे’ या मथळ्याखाली, कुणी वाचणार नाही इतक्या खाली, एक कलम बहुतेक सापडतं: आम्हाला योग्य वाटेल तेव्हा ओळखीचे पुरावे मागू आणि ते मिळेपर्यंत रक्कम रोखून धरू. ते कलम तिथे असायला कारण आहे. काळ्या पैशाविरुद्धचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या एफएटीएफने कॅसिनोसाठी 3000 डॉलर किंवा युरोची रेघ आखली आहे. त्या रकमेपासून पुढच्या व्यवहारांत ग्राहक कोण, हे तपासणं अपेक्षित असतं. परवाना कुठल्याही बेटावरचा असो, कंपनीला हे हत्यार हाताशी लागतं. हरत असाल तोवर तुम्ही अनामिक. मोठी रक्कम लागली की कागद काढा. जो डाव टाळायला गेलात, तोच तिथे वाट बघत असतो, आणि दाद मागायला वर बऱ्याचदा कुणी नसतं.

‘नाव कुणालाच कळत नाही’ हेही तपासू. बिटकॉइनची वही जगजाहीर असते. तिच्यात नाव नसतं, पत्ता (म्हणजे खातेक्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची ओळ) असतो, पण एकदा लिहिलेली नोंद पुसता येत नाही. ते नाणं तुम्ही घेतलंत कुठून? बहुतेक लोक एक्स्चेंजवरून, म्हणजे नाणी विकणाऱ्या-घेणाऱ्या कंपनीकडून घेतात, आणि तिथे ओळखपत्र कधीच देऊन झालेलं असतं. त्या खात्यातून थेट कॅसिनोच्या वॉलेटला, म्हणजे नाणी ठेवायच्या खात्याला, पैसे गेले की दोन टोकं जुळली. बँकेतून भरलेले पैसे बँकेला आणि कंपनीला दिसतात. इथे मात्र वही कुणीही, दहा वर्षांनीसुद्धा, चाळू शकतो. आयपी पत्ता, फोनचं मॉडेल, भाषा, वेळक्षेत्र या खुणा साइट गोळा करते त्या वेगळ्याच.

वयाबद्दल थोडक्यात. हो, घरातल्या मोठ्यांचं कार्ड दाखवून मुलं आत शिरतात. पण पडताळलेल्या नावाच्याच खात्यात पैसे परत जातात, असा नियम असला तर जिंकलेली रक्कम मुलाच्या हाती येत नाही. तपासणीच नसलेल्या साइटवर तेवढाही अडसर नाही.

त्या मजकुरात जे मुळी आलेलंच नाही, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुगार सुटत नाही हे उमगलेला माणूस स्वतःच स्वतःला बंदी घालून घेऊ शकतो. स्वीडनमध्ये 2019 पासून त्यासाठी स्पेलपाउस ही देशभराची यादी आहे. ब्रिटनमध्ये तशीच गॅमस्टॉप आहे, आणि 31 मार्च 2020 पासून परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्यात सामील होणं सक्तीचं आहे. एकदा नाव नोंदवलं की सगळ्या परवानाधारक साइट बंद. ही सोय केवळ ओळखीवर चालते. नाव माहीत नसलेल्या साइटला या माणसाने शुद्धीवर असताना केलेली विनंती दिसणार कशी? रात्री दोन वाजता त्याला लागतो फक्त नवा ईमेल. ‘गॅमस्टॉपवर नसलेले कॅसिनो’ अशा याद्या उगाच फिरत नाहीत. त्या बनवणाऱ्या अनेक अफिलिएटना, म्हणजे साइटकडे खेळाडू वळवणाऱ्या दलालांना, पाठवलेल्या खेळाडूच्या तोट्यातला वाटा मिळतो. हा मजकूर तुमच्यापर्यंत आणणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हे विचारून बघा.

आता ते खरं वाक्य. ओळखपत्रं फुटतात. ऑक्टोबर 2025 मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपने कळवलं की सुमारे 70,000 वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. चोरी बाहेरच्या सेवा-कंपनीकडून झाली आणि त्यातले फोटो वयाच्या तक्रारी तपासताना घेतलेले होते. डिस्कॉर्ड म्हणजे कॅसिनो नाही, पण वाट तीच. युरोपात तर काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याने ग्राहक गेल्यावरही पाच वर्षं नोंदी ठेवायच्या असतात. ‘माझं पुसून टाका’ म्हणायचा जीडीपीआर या युरोपातल्या खासगी माहितीच्या कायद्यातला हक्क तिथे लंगडा पडतो.

पण हे भांडण तपासणीशी नाही, फोटो साठवण्याशी आहे. स्वीडनमध्ये बँकआयडी या बँकांनी दिलेल्या डिजिटल ओळखीने ओळख पटते, कार्डाचा फोटो काढावाच लागत नाही. गुपित न सांगता ते ठाऊक असल्याचं सिद्ध करायची गणिती रीत 1985 मध्येच मांडली गेली. युरोपीय संघाने 2024 मध्ये डिजिटल ओळख-वॉलेटचा कायदा केला, त्यात जन्मतारीख न उघडता ‘अठरा पूर्ण’ एवढंच दाखवायची सोय अपेक्षित आहे. नुसत्या वयासाठी नाव लागतच नाही. स्व-बंदीला आणि मोठ्या रकमांना लागतं, तिथे ते मागावं, आधी मागावं, आणि प्रत कुणाकडे, किती दिवस राहणार ते सांगावं.

तोवर मी एक करतो. प्रत पाठवताना तिच्यावर आडवं लिहितो: अमुक खात्याच्या पडताळणीपुरती, आणि तारीख. एकदा एका सेवेकडून ती परत आली, ‘फोटोवर मजकूर आहे’ म्हणून. पुन्हा पाठवली, तोच मजकूर लहान अक्षरांत, फोटो आणि क्रमांक सोडून. चालली.