मोजा आधीच फाटका होता

आज संध्याकाळी एक काका आमच्याकडे येऊन गेले. नात्याने लांबचे, पण आम्ही काकाच म्हणतो. येताना स्वतःच्या चपला घालून आले, जाताना माझ्या नवऱ्याच्या घालून गेले. मधल्या पाऊण तासात काय झालं असेल हे भुंग्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, ओळखणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

डाव्या चपलेचा अंगठा गेला. चूक शंभर टक्के आमची. पाहुण्यांच्या चपला उचलून वरच्या खणात ठेवायच्या हा या घरातला पहिला नियम, आणि आज बोलण्याच्या नादात मीच विसरले. माफी मागितली, अगदी मनापासून मागितली. नवीन जोडही आणून देणार आहोत. इथवर काहीच बिघडलं नव्हतं. मग काकांनी टीपॉयवरचं वर्तमानपत्र उचललं, त्याची घट्ट सुरळी केली आणि माझ्यापुढे धरली. म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दोन रट्टे द्या. जन्मात विसरणार नाही."

ती सुरळी बघितली मात्र, भुंग्याने तोंडातला तुकडा गिळायला घेतला.

विसरला नाहीच ना तो, काका. तीन वर्षं झाली. विसरलेला नाहीये.

मी तेव्हा काही बोलले नाही. खाऊचा डबा वाजवला, "सोड" म्हटलं, त्याने सोडलं. तुकडा उचलून कचऱ्यात टाकला तेव्हा माझे हात थरथरत होते. घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार? म्हणून इथे लिहितेय. तुम्ही सगळी माझी माणसं आहात, तुम्हाला कळेल. ज्यांना कळणार नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

भुंगा आता चार वर्षांचा आहे. आला तेव्हा काळाकुळकुळीत गोळा होता, म्हणून लेकीने हे नाव ठेवलं. भुंगा लाकूड पोखरतो हे शाळेत शिकूनही आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. दोन महिन्यांचा असताना आला आणि महिनाभरात खुर्चीच्या चारही पायांवर नक्षी काढून मोकळा झाला. पुढे रिमोटचं फक्त आवाज वाढवायचं बटण. नवऱ्याच्या चष्म्याची एक काडी. पायपुसण्याचे चार कोपरे, रोज एक याप्रमाणे चार दिवसांत. इतकं पद्धतशीर काम आमच्या घरात दुसरं कुणी करत नाही. मी वाचत असलेल्या रहस्यकथेची शेवटची तीन पानं त्याने फस्त केली. खून कोणी केला ते मला अजून माहीत नाही.

तेव्हा राग यायचा, पण हसूही यायचं. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत ४२ पक्के दात येतात. एवढी उलथापालथ तोंडात चाललेली असताना हिरड्या शिवशिवणार नाहीत तर काय होईल? आम्ही जुनं फडकं ओलं करून, पिळून फ्रीझरमध्ये ठेवायचो. कडक झालं की तो ते दोन पायांत धरून, डोळे मिटून चघळत बसायचा. एक दात मला सोफ्याखाली सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. लेकीच्या दुधाच्या दाताच्या डबीत ठेवलाय. नवरा म्हणतो, पुढे कधी उघडलीस तर कुणाचा कुठला ते कळणार नाही. कळेल मला.

सगळे म्हणत होते, पक्के दात आले की थांबेल. काही थांबलं नाही. कमी झालं, पण कुत्रा चावतो म्हणजे चावतोच, त्याला हात नाहीत. आपण नवीन वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघतो, तो तोंडात घेऊन बघतो. आणि ज्या वस्तूला आपला वास तीच त्याला हवी असते. चपला, मोजे, उशी, चष्मा, रिमोट. यादी परत वाचा, सगळ्या आपल्या अंगाला लागलेल्या वस्तू आहेत. महागाच्या खेळण्याला काय वास असतो? दुकानाचा.

तर मोजा.

अकरा महिन्यांचा होता. मोजे पळवायचं वेड लागलं होतं, आणि त्याच दिवसांत मला ऑफिसात इतकं काम होतं की घरी यायचे तीच चिडलेली. त्याच्या तोंडात मोजा दिसला की मी ओरडत त्याच्या मागे धावायचे. तो टेबलाखाली, मी टेबलाखाली. मग जबडा धरून, बोटं घालून ओढून काढायचे. दोनदा वर्तमानपत्राची सुरळी करून मारलंसुद्धा. हो, मी. इथे रोज त्याचे फोटो टाकणारी मी. सुरळीने लागत नाही, नुसता आवाज होतो, असं मला कुणीतरी सांगितलं होतं आणि मला ते पटवून घ्यायचंच होतं.

तिसऱ्या वेळी मी धावले तेव्हा तो पळाला नाही. कोपऱ्यात उभा राहिला, माझ्याकडे बघितलं आणि दोन घोटांत मोजा गिळला.

मला ते त्या क्षणी कळलंही नाही. वाटलं, टाकला असेल कुठेतरी. सोफ्याखाली शोधत होते मी, वेड्यासारखी. रात्री तो उलटी करायला लागला. सकाळी पाणीही पोटात ठरेना. पाठ कमानीसारखी वर करून उभा राहायचा, बसायचाच नाही. एक्स-रे काढला तर त्यात कापड काही धड दिसत नाही, नुसती आतड्यात साठलेली हवा दिसते. सोनोग्राफीत आतडं अडलेलं दिसलं. त्याच दिवशी ऑपरेशन.

पुढचं नंतर सांगते. आधी काकांचं अजून एक वाक्य राहिलंय.

मी सुरळी घेतली नाही, तेव्हा भुंगा कान पाडून, मान फिरवून भिंतीला चिकटला होता. काका म्हणाले, "बघा, बघा, चोराच्या मनात चांदणं! सगळं कळतंय त्याला."

काही कळत नाहीये. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधक बाई आहेत, कुत्र्यांवरच काम करतात. त्यांनी हा अपराधी चेहरा तपासून बघितला, २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. मालकाने कुत्र्याला सांगायचं, हा खाऊ खायचा नाही, आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला सांगायचे, याने खाल्ला किंवा नाही खाल्ला, आणि ते कधी खरं असायचं, कधी खोटं. मग मालक त्यानुसार रागावणार नाहीतर लाड करणार. निघालं काय, तर तो चेहरा येतो मालक रागावला की. खाऊ खाल्लाय की नाही याच्याशी त्याचा संबंध लागेना. उलट ज्यांनी बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा जास्त पडला होता. म्हणजे ज्याला आपण कबुलीजबाब समजतो ती नुसती भीती असते, "रागावू नकोस गं" एवढंच. चांदणं कुठलं आलंय!

आणि सकाळी कुरतडलेल्या उशीबद्दल संध्याकाळी मारलं तर त्याला काय कळणार? तुम्ही दार उघडून आत आलात आणि मारलंत, एवढंच. म्हणजे तुमचं घरी येणं वाईट. कुठलं घर असं हवंय तुम्हाला?

बरं, मान्य आहे, नुकसान होतं. मान्य आहे की सगळ्यांना परवडत नाही. ज्यांच्या घरात रांगतं बाळ आहे, कुणी आजारी आहे, त्यांना हे सगळं झेपणार नाही, तेही मान्य. आणि पाहुण्याची चप्पल ही पाहुण्याची चप्पल असते, त्यावर मी वाद घालणार नाही. झालं समाधान?

पण निघताना दारात काका काय म्हणाले ऐका. "एवढा त्रास असेल तर लांब कुठेतरी सोडून या ना. कुत्रंच आहे, राहील कुठेही."

हे वाक्य मी दोन तास डोक्यात घेऊन फिरतेय. राहील कुठेही! चार वर्षं ज्याने पलंगाच्या कडेला झोपून माझ्या कूस बदलण्याचा हिशोब ठेवला, तो कुठेही राहील? एकदा आम्ही बाहेर जाताना जुना मोबाइल चित्रण चालू ठेवून गेलो होतो, हा एकटा असताना काय करतो ते बघायला. पहिली वीस मिनिटं तो दाराशी उभा होता. मधेमधे दाराच्या फटीला नाक लावायचा, परत उभा. मग आत गेला, नवऱ्याची उशी ओढून आणली, दारासमोर ठेवली आणि कुरतडायला लागला. आम्ही आलो तेव्हा घरभर कापूस होता आणि मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं होतं, "मस्ती आलीय नुसती!" रात्री चित्रण बघितलं. नवरा काही न बोलता उठला आणि त्याच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसला.

चावल्याने त्यांना शांत वाटतं. काही माणसं नखं खातात, काही पेन चावतात. काका स्वतः सगळा वेळ पाय हलवत बसले होते, त्यांना कुणी सुरळी दाखवली का? जाऊ दे. हे जरा जास्तच झालं, पण खोडणार नाही.

तर ऑपरेशननंतर डॉक्टर बाहेर आल्या. पिशवीत मोजा होता, राखाडी, चोथा झालेला. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही त्याच्या मागे धावता का?"

मी हो म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तुम्ही जी वस्तू झडप घालून घेता ती त्याच्या दृष्टीने मोलाची ठरते. पळून वाचत नाही, तोंडात ठेवून वाचत नाही, मग एकच जागा उरते जिथे तुमची बोटं पोचत नाहीत. म्हणजे हे त्याला मी शिकवलं होतं. ओरडून, धावून, सुरळीने. त्याने सगळे धडे नीट लक्षात ठेवले.

पिशवीतला मोजा मी ओळखला. नवऱ्याचा. अंगठ्याला भोक पडलेलं होतं, मीच तो फडक्यासाठी बाजूला काढला होता. फाटक्या मोज्यासाठी मी त्याला मारलं होतं.

त्यानंतर घरात तीन गोष्टी बदलल्या. एक, जे त्याला मिळू नये ते त्याच्या आवाक्यातच ठेवायचं नाही. वायरी कपाटामागून नेल्या. बटणासारखे छोटे सेल आणि शुगरफ्री च्युइंगम तर कुलपात. तो सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, आणि त्या च्युइंगममध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन खाली येते, जीवसुद्धा जातो. हे ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी आजच बघा, उद्यावर टाकू नका. दुसरी, चावायला त्याचं स्वतःचं हवंच. मात्र दगडासारखं कडक नको, नखाने दाबल्यावर जरातरी दबलं पाहिजे, नाहीतर दाढा फुटतात. आणि शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या टोकदार कपच्या निघतात.

तिसरी गोष्ट म्हणजे डबा. तोंडात काहीही असो, ओरडायचं नाही, धावायचं नाही. डबा वाजवायचा, "सोड" म्हणायचं, त्याने सोडलं की खाऊ द्यायचा. लाच आहे, हो. काकांनी तेही ऐकवलं, "लाच देऊन शिकवता!" माझा पगार झाला नाही तर मीही ऑफिसात जाणार नाही. आम्हाला तीन-चार महिने लागले. पहिले कित्येक दिवस डबा दिसला तरी तो आधी माझ्या हाताकडे बघायचा, रिकामा आहे ना म्हणून. त्या नजरेचं मी काय करू ते अजून कळलेलं नाही.

आणि आज, इतकं सगळं करून, एका सुरळीने त्याला पुन्हा त्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं.

आता राग उतरलाय थोडा. काकांनी त्यांच्या परीने भलंच सांगितलं असेल. त्यांच्या लहानपणी कुत्रा अंगणात बांधलेला असायचा म्हणे, घरात आलेला त्यांनी कधी बघितलाच नाही. उद्या फोन करून चपलेचं माप विचारते. सुरळीबद्दलही बोलेन, जमलं तर. बहुतेक जमणार नाही.

या डब्याचा एक तोटा मात्र झालाय, तो सांगायचा राहिला. भुंग्याला हिशोब कळलाय. भूक लागली की तो घरात फिरून काहीतरी शोधतो, अजिबात चावत नाही, नुसतं तोंडात धरून आणतो आणि समोर येऊन बसतो. सौदा करायला.

आत्ताही बसलाय, शेपटी जमिनीवर आपटतेय. तोंडात काकांची उजवी चप्पल. धड आहे, एक दात लागलेला नाही. थांबा, डबा आणते.