गणितं सोडवली की तर्क आपोआप येतो?

पालक आणि शिक्षकांमध्ये वरचेवर फिरणाऱ्या एका मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: गणिताचा भरपूर सराव केला की तर्कबुद्धी आपोआप घडते, कमी पडलीच तर कोडी आणि सुडोकू द्यावेत, सहावी-सातवीत सिद्धता झेपत नाही, शिवाय वेगळं काही शिकवायला तासिका कुठे आहेत? यातला एकही मुद्दा टिकत नाही.

«सरावाने तर्क आपोआप येतो.» पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये मांडलेलं एक कोडं पाहा. टेबलावर चार पत्ते: अ, क, 4, 7. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. नियम असा की पत्त्याच्या एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा आहे का हे तपासायला कोणते पत्ते उलटावे लागतील? शाळेतलं सगळं गणित पार केलेले विद्यापीठातले विद्यार्थीसुद्धा बहुतेक वेळा ‘अ आणि 4’ किंवा नुसतं ‘अ’ म्हणतात. उत्तर आहे अ आणि 7. 7 च्या मागे स्वर निघाला तर नियम मोडतो. 4 च्या मागे काहीही निघालं तरी मोडत नाही.

चूक होते ती ‘जर-तर’ विधान उलटं वाचल्यामुळे. ती वर्गातच पकडता येते. वहीत विधान लिहायचं आणि लगेच खाली त्याचा व्यत्यास, म्हणजे ‘जर’ आणि ‘तर’चे भाग अदलाबदल केलेलं विधान. ‘संख्येला 4 ने भाग जात असेल, तर 2 ने भाग जातो.’ खाली: ‘2 ने भाग जात असेल, तर 4 ने भाग जातो.’ दुसरं विधान 6 ने मोडतं. मात्र सगळी उदाहरणं अशीच दिली, तर ‘व्यत्यास नेहमी खोटाच असतो’ असा नवा गैरसमज रुजतो. म्हणून 3 ची कसोटीही घ्यावी: 3 ने भाग जाणं आणि अंकांच्या बेरजेला 3 ने भाग जाणं, हे दोन्ही दिशांनी खरं आहे.

सराव आणखी एक खोड लावतो: चार उदाहरणं जुळली की सिद्ध झालं असं मानायची. यावर वर्तुळाची कृती रामबाण आहे. परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक दोन बिंदू रेषेने जोडा, आतले भाग मोजा. 1, 2, 3, 4, 5 बिंदूंना 1, 2, 4, 8, 16 भाग मिळतात. सहाव्याला सगळा वर्ग 32 म्हणतो, आणि मोजल्यावर भरतात 31. बिंदू समान अंतरावर मात्र घेऊ नका. तीन रेषा केंद्रात एकत्र येतात आणि 30 च भाग मिळतात. मोजण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज लिहून ठेवलेला असलाच पाहिजे, नाहीतर धक्का बसत नाही.

«कोडी द्या.» सुडोकू करून सुडोकू चांगलं येतं. एखाद्या विषयाने एकूण विचारशक्तीच वाढते, ही समजूत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1924 मध्येच तपासली होती. कोणत्याही एका शालेय विषयाचा तसा खास परिणाम त्यांना दिसला नाही. कोडं द्यायचंच असेल तर प्रत्येक पायरीला ‘कारण’ लिहून घ्या.

«सिद्धता झेपत नाही.» चिन्हं जड जातात, विचार नाही. 5 आणि 7 ठिपके दोन-दोनच्या जोड्यांत मांडा. प्रत्येकात एक ठिपका सुटा राहतो, आणि त्या दोन सुट्यांची जोडी होते, बेरीज सम. आता खरा प्रश्न: ‘5 च्या जागी 105 घेतले तर काय बदलेल?’ ‘जोड्या वाढतील, सुटा एकच राहील,’ हे उत्तर आलं की सिद्धता झाली. अक्षरं नंतर येऊ द्या. तेव्हा मुलं दोन्ही विषम संख्यांना 2अ + 1 च लिहितात; त्यातून फक्त दोन सारख्या विषम संख्यांचीच बेरीज सम ठरते, म्हणून दुसरीला 2ब + 1 हवं.

«वेळ नाही.» आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं पुरतात, आणि विधानं चालू धड्यातलीच घ्यायची. ‘परिमिती वाढली की क्षेत्रफळ वाढतं’: नेहमी, कधी कधी की कधीच नाही? दोन मिनिटं एकट्याने, तीन जोडीने, पाच फळ्यावर. 4 × 4 च्या चौरसाची परिमिती 16, क्षेत्रफळ 16; 9 × 1 च्या आयताची परिमिती 20, क्षेत्रफळ मात्र 9. ‘हा अपवाद आहे, नियम बरोबरच आहे,’ असं कोणीतरी म्हणतंच. तिथे थांबून सांगावं लागतं की गणितात एक प्रतिउदाहरणही ‘नेहमी’ पाडायला पुरतं.

ही दहा मिनिटं वाया जातात ती बहुतेक वेळा शिक्षकाच्या घाईच्या ‘बरोबर’ने; तो शब्द उच्चारला की वर्ग विचार थांबवतो. त्याऐवजी ‘कशावरून?’ विचारा, आणि बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलं, तर ‘कशावरून’ ऐकताच मूल उत्तर बदलतं.