‘बादलीला गरम, शॉवरला गार’: गॅस गीझरच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. दुकानाचा मालक म्हणून मीच उत्तर लिहितोय. फोनवरही बोलता आलं असतं, पण तुमचा रिव्ह्यू चारचौघांनी वाचलाय आणि हीच तक्रार घेऊन येणारे आमच्याकडे पुष्कळ असतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. आमच्याकडून घेतलेला 6 लिटरचा गॅस गीझर बादलीला नीट चालतो, पण शॉवर लावला की कधी चटका बसेल इतकं कढत पाणी, तर कधी एकदम गार. मेकॅनिक आला, नळ सोडून ‘चालू आहे’ असं दाखवून गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर त्याने सेल बदलायला सांगितले. गीझर बाल्कनीतून बाथरूममध्ये हलवून द्या म्हटलं तर नाही म्हणाला, 20 मिनिटांनी आपोआप बंद पडतो ते काढून द्या म्हटलं तरी नाही म्हणाला. ‘खराब पीस गळ्यात मारला’, एक स्टार.

डोक्याला शाम्पू चोपडलेला असताना अंगावर गार पाणी आलं की माणूस काय बोलेल याचा नेम नाही, त्यामुळे रागाबद्दल तक्रार नाही. पण पीस खराब नाही. खराब असता तर बादलीलाही त्याने तेवढाच त्रास दिला असता.

गॅस गीझरमध्ये पाणी साठवलेलं नसतं. नळ सोडला की वाहत्या पाण्याचा रेटा आतल्या रबरी डायफ्रॅमला (पडद्याला) ढकलतो, त्याच्या पुढची पिन सरकते, मायक्रोस्विच म्हणजे छोटा खटका लागतो, टकटक ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व उघडतो. रेटा कमी पडला की पिन मागे येते आणि गॅस बंद. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली रचना आहे. पाणी न वाहता बर्नर पेटत राहिला तर तांब्याची कॉइल जळून जाईल. बहुतेक मॉडेलना पेटतं राहायला मिनिटाला अडीच लिटरच्या आसपास पाणी आतून जावं लागतं.

आता तुमच्या घरचे आकडे. मेकॅनिकने बादली आणि घड्याळ लावून मोजलंय, जॉबकार्डवर आहे: खालचा नळ मिनिटाला 5 लिटर, शॉवर साडेतीन. 6 लिटरचा गीझर म्हणजे पूर्ण आचेवर मिनिटाला 6 लिटर पाणी साधारण 25 अंशांनी तापवणारा. पाणी कमी गेलं की तीच आच थोड्या पाण्याला मिळते, म्हणून साडेतीन लिटर पाणी चाळीसेक अंशांनी तापतं. टाकीतलं पाणी 25 अंशांचं धरलं तरी शॉवरमधून 65 च्या पुढचं पाणी येणार. तेवढं अंगावर घेणं शक्यच नाही, म्हणून तुम्ही मिक्सर, म्हणजे गरम-गार मिसळायचा नळ, गारकडे फिरवता. शॉवरच्या भोकांतून एकूण साडेतीन लिटरच जाणार आहेत. गार पाणी आत शिरलं तेवढं गरम मागे हटतं. अंगाला सोसेल असं 40 अंशांचं पाणी करायला गरम बाजूने जेमतेम सव्वा लिटर उरतं. अडीचच्या खाली गेलं की बर्नर विझतो. पाणी गार पडलं म्हणून तुम्ही मिक्सर परत गरमकडे नेता, रेटा वाढतो, बर्नर पेटतो, पुन्हा चटका. तुम्ही लिहिलेला ‘कधी कढत कधी गार’ हा खेळ तो हाच. उन्हाळ्यात तो आणखी वाढतो, कारण टाकीतलं पाणीच कोमट असतं आणि गार जास्त मिसळावं लागतं.

तेव्हा एक सवय बदला. पाणी जास्त गरम वाटलं तर गार मिसळू नका, आच कमी करा. गीझरच्या पुढच्या बाजूला गॅसचा नॉब आहे, तो कमीवर आणा. उन्हाळा-हिवाळ्याचा खटका उन्हाळ्यावर ठेवा. मिक्सर पूर्ण गरमवर ठेवून अंगाला बरं वाटेल असं पाणी गीझरवरच जमवून घ्या, मग गरजेपुरता कणभर गार. मेकॅनिकने हे सांगितलं होतं, पण तेव्हा घरी तुमच्या सासूबाई होत्या. त्यांचा निरोप तुमच्यापर्यंत अर्धाच पोचला असावा असं रिव्ह्यूवरून वाटतं.

दुसरं, शॉवर. त्याचं तोंड आटे फिरवून काढा आणि नुसत्या पाइपातून पाणी सोडून बघा. बर्नर न विझता चालला तर अडचण त्या तोंडात आहे. भोकांत क्षार बसलेला असेल तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवून जुन्या ब्रशने घासा. काही नव्या शॉवरमध्ये पाणी वाचवायची छोटी प्लास्टिकची चकती असते, ती काढली तरी फरक पडतो. गीझरमध्ये पाणी शिरतं तिथली (इनलेटची) जाळी आमच्या माणसाने काढून पाहिली, ती स्वच्छ होती.

सेलबद्दल तुम्ही ‘टाळायला काहीतरी सांगितलं’ असं लिहिलंय. तसं नाही. दोन मोठे सेल फक्त ठिणगीसाठी नसतात, गॅसचा व्हॉल्व उघडा धरून ठेवायचं कामही त्यांच्यावरच असतं. सेल उतरले की टकटक संथ होते, बर्नर पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. तुमच्याकडची टकटक संथ होती. अल्कलाइन सेल घाला, स्वस्तातले लवकर बसतात.

आता नकाराबद्दल. दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणायला त्याला मीच सांगून ठेवलंय आणि यापुढेही तेच उत्तर मिळेल. हा गीझर पूर्ण आचेवर 20 मिनिटं चालला तर साधारण 300 ग्रॅम गॅस जळतो, आणि तेवढा जळायला सुमारे 4 घनमीटर हवा लागते. 5 बाय 7 फुटांच्या बाथरूममध्ये सगळी मिळून हवा असते 8 घनमीटर. म्हणजे दार लावून आंघोळ होईपर्यंत निम्म्या खोलीएवढी हवा बर्नरने वापरलेली असते. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. या वायूचा तसा काही इशारा मिळत नाही, माणूस गुंगी येऊन पडतो आणि दार आतून लावलेलं असतं. गीझर बाल्कनीत आहे तो यासाठी आणि 20 मिनिटांचा टायमर आहे तोही यासाठीच. ज्याला बंद बाथरूममध्ये लावून हवाय त्याला आम्ही गॅस गीझर विकतच नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. टायमरने बंद पडला तर नळ बंद करून परत सोडा, पुन्हा पेटेल.

बाल्कनीतून पाइप लांब पडतो हे खरं. अर्ध्या इंची पाइपात 8 मीटरला लिटरभर पाणी मावतं, तेवढं सुरुवातीला गार येणारच. ते बादलीत धरा, फरशी पुसायला होतं. पाइपवर फोमचं वेष्टण घातलं तर मधल्या खंडात पाणी लवकर निवत नाही.

एवढं करूनही विझत राहिला तर गोष्ट टाकीवर येते. तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच, म्हणून प्रेशर भरपूर असेल असं वाटतं, पण असतं उलट. पाण्याच्या पातळीच्या उंचीतल्या दर 10 मीटरला सुमारे 1 किलो (दर चौरस सेंटिमीटरवर) प्रेशर, तुमच्या गीझरला टाकी जेमतेम दोन-अडीच मीटर वर. प्रेशर पंप बसवावा लागेल, आणि तो बाथरूमच्या गार आणि गरम दोन्ही लाइनला मिळून. नुसत्या एका बाजूला लावला तर मिक्सरमध्ये ती बाजू दुसरीला दाबते. पण पंपाचा खर्च आधी करू नका. शॉवरचं तोंड काढून काय होतं ते दुकानाच्या नंबरवर कळवा. त्यावरून माणूस पाठवायचा की प्लंबर, ते ठरवू.