माळावरच्या माणसाने जंगलावर बोलू नये म्हणे!

जंगलात जगापासून तुटून राहणाऱ्या वस्तीवरच्या त्या इंग्रजी थरारकादंबरीबद्दल मागच्या लेखात लिहिलं होतं. तिच्यातली भीती झाडांची नाही, माणसांची आहे. जंगल नुसता आडोसा, असं माझं म्हणणं. त्यावर चंद्रपूरकडच्या एका वाचकांनी टोपणनावाने कळवलंय : "तुम्हाला कादंबरी कळलीच नाही. सोलापूरच्या उघड्या माळावर वाढलेल्याने जंगलाच्या भीतीवर निकाल देऊ नये. शेवट अर्धा फोडलात. मधला भाग रेंगाळतो, तेही लपवलंत."

साहेब, मधला भाग रेंगाळतो, मान्य. पण ‘निकाल देऊ नये’ ही बोलायची कुठली रीत? आवडलं नाही म्हणा, चुकलं म्हणा. माणसाचं गाव काढून त्याला गप्प बसवायचं, याला टीका म्हणत नाहीत. आमच्याकडे एव्हाना कुणी ‘काय बे’वर आला असता. मी अजून ‘साहेब’ म्हणतोय, एवढं ध्यानात घ्या.

आता माळाचं. जंगलावर लिहिणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली सोलापुरातच जन्मले, १९३२ साली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट हे निम्म्या महाराष्ट्राने त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं. २००६चं साहित्य संमेलन सोलापुरात झालं, तेव्हा अध्यक्ष तेच होते. उतारवयात इथेच परतले, २०२५ साली इथेच गेले. ते नोकरीने जंगलात राहिले, मी राहिलो नाही, असं तुम्ही म्हणालच. म्हणा. माझी आत्या नान्नजची, माळढोक अभयारण्याच्या कडेला तिचं शेत. लहानपणी तिथे खळ्यावर झोपलोय. लांडगा लांबून दिसतो, आपणही त्याला दिसतो आणि आड व्हायला एक झाड नसतं. ती रात्र काढून बघा, मग मला भीती शिकवा.

पण कादंबरीचा मुद्दा लांडगा-वाघाचा नाहीच. मुद्दा कुंपणाचा आहे. त्या वस्तीतून बाहेर पडायला मनाई आहे आणि ती मनाई मोडणाऱ्याचं काय होतं हे कुणी मोठ्याने बोलत नाही. हे समजायला सागवान लागत नाही. आमच्या सोलापुरात ‘सेटलमेंट’ होती. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, माणसं काटेरी तारेच्या आत ठेवली. हजेरी द्यायची, बाहेर जायला परवानगी काढायची. ३१ ऑगस्ट १९५२ला ते लोक कायद्याने मोकळे झाले. त्यांना सरकारने कोंडलं होतं, कादंबरीतल्यांना त्यांच्याच वडीलधाऱ्यांनी. हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसत नाही. पण त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. माझे आजोबा गिरणीत होते. तारेच्या आत जन्मलेले त्यांचे सोबती आमच्या ओट्यावर बसायचे, तार गेल्यावर कित्येक वर्षांनीसुद्धा उशीर झाला की त्यांची चुळबुळ सुरू व्हायची. कुणी हजेरी घेणार नव्हतं, तरी.

जंगलच पाहिजे? घ्या. दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या दाट जंगलातलं जोन्सटाउन, एका पंथाची वस्ती. अमेरिका सोडून आलेली माणसं, लाउडस्पीकरवर सतत पुढाऱ्याचा आवाज, वाटेवर बंदूकधारी पहारा. १८ नोव्हेंबर १९७८ला तिथे नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यांत लहान मुलं कितीतरी. त्यांना जनावराने खाल्लं नाही, सापाने डसलं नाही. सायनाइड कालवलेलं सरबत होतं आणि ते आपल्याच माणसांनी पाजलं. जंगलाने काय केलं? आरडाओरडा बाहेर जाऊ दिला नाही, बस्स. मी आडोसा म्हणालो तो हाच.

शेवट फोडल्याचा आरोप सोडून देतो. ज्याला एवढ्यावरून शेवट कळला, त्याला तो आधीच कळला असणार.

एकच विचारतो. वस्तीतून नाहीशा झालेल्या मुलीला ‘रानाने ओढून नेलं’ असं तुम्ही प्रतिक्रियेत ठासून लिहिलंय. वस्तीतले म्हातारेही अगदी हेच सांगतात, शेवटच्या तीन प्रकरणांपर्यंत. ती तीन प्रकरणं वाचलीत का, साहेब?