मल्टिबँड लावला की घरचं गाणं 'स्टुडिओचं' होतं?

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: मास्टरिंगला, म्हणजे तयार मिक्सवरच्या शेवटच्या कामाला, मल्टिबँड कॉम्प्रेसर हवाच. हे यंत्र आवाज खालचा, मधला, वरचा अशा बँडमध्ये तोडतं आणि जो बँड ठरावीक पातळीच्या वर जातो तो वेगळा दाबतं. चांगला प्रीसेट (तयार सेटिंग) टाका, मिक्स आपोआप बसतो, गाणं दणदणीत होतं, आणि बँड वेगवेगळे असल्यामुळे एकाचा दुसऱ्याला त्रास नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. बँड वेगळे असतात, वाद्यं नसतात. गळा, तानपुरा आणि तबला असं साधं रेकॉर्डिंग घ्या. तानपुऱ्याच्या जवारीचा वरचा झंकार आणि तबल्याच्या चाटेवरचा (कडेवरचा) 'ना' एकाच वरच्या बँडमध्ये येतात. 'ना' वाजला की तो बँड दबतो, त्याच्यासोबत तानपुराही दबतो आणि मग हळूहळू वर येतो. ठेकाभर हेच चालतं. तानपुऱ्याला धाप लागल्यासारखी वाटते. डग्ग्याचं तर विचारूच नका. क्रॉसओव्हर, म्हणजे दोन बँडमधली सीमा, १२० हर्ट्झवर असला आणि डग्ग्याची मींड (सरकता स्वर) खालून सुरू होऊन त्याच्या वर गेली, तर एकाच बोलाचा अर्धा भाग एका दाबाखाली आणि उरलेला दुसऱ्या. शिवाय नेहमीचे क्रॉसओव्हर तिथल्या फेजला, म्हणजे लहरींच्या वेळेच्या जुळणीला, हात लावतातच, बँड काही दाबत नसला तरीही. लिनियर फेज मोडमध्ये ते टळतं, पण मग तबल्याच्या ठोक्याआधीच त्याची पुसट चाहूल लागू शकते.

'मिक्स आपोआप बसतो' म्हणे! गायक माइकजवळ सरकला की खालचा आवाज फुगतो, हे खरं. पण ते मास्टरवर दाबलंत तर डग्गाही दबणार. सगळे ट्रॅक तुमच्याच कॉम्प्युटरवर आहेत ना? मग गायकाच्या ट्रॅकवर डायनॅमिक ईक्यू, म्हणजे ठरावीक पट्टा फुगला तरच तो कमी करणारं साधन, लावा. आणि खालचा बँड तुम्ही ठरवणार कशाच्या भरवशावर? समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपास उभी लहर तयार होते. बरोबर मध्यावर बसलात तर तो स्वर जवळजवळ गायबच. जे खोली ऐकूच देत नाही, ते दुरुस्त काय करणार?

दणदणीतपणाचं म्हणाल तर स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणं −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणतं. जास्त चढवलेलं खाली ओढलं जातं. मेकअप गेनमुळे, म्हणजे दाबल्यावर पातळी भरून काढणाऱ्या वाढीमुळे, प्लगइन चालू करताच आवाज वाढतो आणि 'व्वा!' वाटतं. प्लगइन चालू आणि बंद, दोन्ही पातळ्या सारख्या करून ऐका, निम्मा चमत्कार तिथेच संपतो.

प्रीसेटबद्दल एवढंच, की थ्रेशोल्ड, म्हणजे जिथून दाब सुरू होतो ती पातळी, तुमच्या फाइलची पातळी बघून ठेवलेला नसतो.

हे यंत्र निरुपयोगी आहे असं मात्र नाही. जुन्या बैठकीची कॅसेट, किंवा कार्यक्रमात मिक्सरवरून थेट घेतलेली स्टीरिओ फाइल, जिथे मागे जाऊन ट्रॅक उघडताच येत नाहीत, तिथे ते हवंच. तिथेही डग्गा अंगावर येत असेल तर फक्त खालचा बँड चालू ठेवावा, क्रॉसओव्हर मींडेच्या टोकाच्याही वर, रेशो (दाबण्याचं प्रमाण) २:१ च्या आत, दाब फार तर दोन डीबी. बाकीचे बँड बायपास, म्हणजे न दाबता तसेच जाऊ द्यावेत.