३०९ मतांचा फरक आणि एका मताचा विजय

महोदय,

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या १८३९ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीवरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, मार्कस मॉर्टन एका मताने जिंकला ही दंतकथा आहे, खरा फरक ३०९ मतांचा होता आणि ‘लेखकाने निदान वजाबाकी तरी करून पाहायची होती’. मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र अनोळखी माणसाला असा टोमणा मारण्यापूर्वी लेख शेवटपर्यंत वाचण्याची तसदी आपण घेतलेली दिसत नाही, याचे वाईट वाटते.

वजाबाकी मलाही येते. मॉर्टन ५१,०३४ आणि त्याचा प्रतिस्पर्धी, तेव्हाचा गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट ५०,७२५. फरक ३०९, आणि तो आकडा लेखात दिला असता तर बरे झाले असते, हेही मान्य. परंतु त्या काळी तेथे सर्वाधिक मते मिळवून भागत नसे, निम्म्याहून अधिक मते लागत. इतरांना पडलेली ३०७ मते धरून एकूण १,०२,०६६ मते होतात आणि त्यांचे निम्मे ५१,०३३. मॉर्टनचे एक मत जरी दुसऱ्याच्या पारड्यात गेले असते, तरी निवड विधिमंडळाकडे गेली असती, आणि तेथे एव्हरेटच्याच व्हिग पक्षाचे बहुमत होते. मी शिक्षकी पेशात असताना मतमोजणीच्या टेबलावर बसलेला माणूस आहे. एका संशयास्पद मतपत्रिकेवरून दोन्हीकडचे प्रतिनिधी कसे हमरीतुमरीवर येतात, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. आपल्याकडे ज्याला जास्त मते तो विजयी, याच सवयीने आपण ते आकडे वाचलेत.

त्याच राज्यातील डेडहॅम गावच्या डुकराचा किस्सा आपल्याला ‘पाचकळ’ वाटला. एव्हरेटच्या कारकिर्दीतील १८३८ च्या कायद्याने १५ गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ५७ लिटरपेक्षा, कमी कडक दारू विकण्यास बंदी आली. पैसेवाल्याने पिंप घरी न्यावे आणि मजुराने कोरडे राहावे, असा हा न्याय. तेव्हा एका बहाद्दराने डुकरावर पट्टे रंगवले, ते पाहण्याचे पैसे घेतले आणि पाहणाऱ्याला दारूचा पेला फुकट दिला. एव्हरेटला सत्ता सोडावी लागली आणि १८४० मध्ये कायदाही रद्द झाला, तो याच रागामुळे. यात पाचकळ काय, ते आपणच सांगावे.

एव्हरेटच्या गेटिसबर्ग येथील भाषणाचा उल्लेख, लेखाची लांबी, माझी ‘पुस्तकी’ भाषा इत्यादी मुद्द्यांवर वेळ घालवण्याची माझी इच्छा नाही. यापुढे प्रतिक्रिया नावासह आली, तरच उत्तर मिळेल.